अहो आईचा चमचा

मी भांड्यांवर नावं घालते. लोकांना नावं ठेवतेही, पण ते फुकट. हे वाक्य मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आले आहे आणि प्रत्येक जण हसतो, त्यामुळे आपल्यासारखं हजरजबाबी कोणी नाही अशी माझी समजूत होती. एका लग्नाच्या काट्याचमच्यांनी ती समजूत घालवली.

भांड्यांच्या दुकानामागे माझी खोली आहे. तिच्यात एक टेबल, टेबलाला ठोकलेला, वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, सात कोरण्या आणि एक भिंग. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी दोन गोष्टी आधीच सांगते. एक, कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. घासून काढलं तर दिसायचं थांबतं, पण तिथे खळगा राहतो आणि बोट फिरवलं की तो लागतो. दुसरी गोष्ट, कोरताना अक्षराच्या कडेला धातूचं बारीक कुसळ उभं राहतं. ते डोळ्याला दिसत नाही, हाताला मात्र बरोबर सापडतं. बारीक दगड फिरवून ते मारावं लागतं. कुसळ न मारता मी एकही चमचा कधी खोलीबाहेर जाऊ दिला नव्हता, आणि हे मी न विचारताच सगळ्यांना सांगत असे.

त्या दिवशी तिघी जणी आल्या. लग्न ठरलेली मुलगी, तिची आई आणि तिची होणारी सासू. सासू दातांची डॉक्टर. मुलगी तिच्याच दवाखान्यात आल्यागेल्याचं आगतस्वागत आणि रोग्यांच्या वेळा ठरवायचं काम करायची, आणि तिथेच डॉक्टरीणबाईंच्या मुलाशी जमलं होतं. मुलीची आई शिवणाच्या कारखान्यात काजं करायची. नवरा मुलीच्या लहानपणीच गेला होता. हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं, कारण आई खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या पडद्याचं उसवलेलं टोक बोटाने चाचपत बोलत होती आणि डॉक्टरीणबाई तिची वाक्यं पुरी करून देत होत्या.

आधी काटे-चमचे निवडायचे होते. मी सहा तऱ्हेचे मांडले. डॉक्टरीणबाईंनी एकेक उचलून टोकं प्रकाशात धरून पाहिली. आईला एक हलका, अरुंद दांड्याचा चमचा आवडला. तो हातात बरा बसतो, म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला, कॅन्टीनमधला वाटतो असं गोड हसून सांगितलं आणि परत खोक्यात ठेवला. मुलगी काहीही आवडण्याआधी सासूच्या चेहऱ्याकडे पाहून घेत होती. शेवटी सगळ्यात जड आणि रुंद दांड्याचा संच ठरला. जड आहे, हात भरून येईल, असं आई म्हणाली. ते मी ऐकलं, आणखी कोणी ऐकल्यासारखं दिसलं नाही.

मग मुलीने तिची कल्पना सांगितली. मुख्य टेबलावर बारा माणसं बसणार. त्यांच्या काट्या-चमच्या-सुऱ्यांवर नावं नको होती, नाती हवी होती. जो तो आपलं नातं शोधून बसेल. मला कल्पना आवडली. नाती दोन-तीन अक्षरांत आटपतात, हातही दुखत नाही. मी कागद पुढे ओढून लिहायला घेतलं. मुलीच्या सुरीवर ‘मी’, नवऱ्याच्या ‘तो’. मग बाबा, आजोबा, आत्या, काका, काकू, मामा, मामी, दादा. ही सगळी त्याच्याकडची. आणि दोन आया. बारा खुर्च्यांत मुलीच्या बाजूची माणसं दोनच होती, ती आणि तिची आई.

‘आई’ दोनदा लिहून मी थांबले. कोणती आई कुठल्या खुर्चीवर बसणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यात काय, ओळखतील लोक. ते ज्या सुरात म्हणाल्या तो मला आवडला नाही. आणि मी माझा शहाणपणा पाजळला.

“सोपं आहे. एकीला ‘अगं आई’ घालू, एकीला ‘अहो आई’. घरोघरी तसंच तर म्हणतात.”

तिघीही हसल्या. मुलीची आई तर तोंडावर हात धरून हसली. म्हणाली, अगदी बरोबर, शाळेतून आली की ही जिन्यातूनच ‘अगं आई’ करून ओरडायची, शेजारणी चिडवायच्या की तुझं नाव अगंआई का काय. बोलता बोलता तिने नमुन्याचा चमचा उचलला आणि दांड्यावरची कोरी जागा अंगठ्याने पुसली. आपलीच वस्तू असल्यासारखी पुसली ती.

“मला अहो नको हं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मी हिला पहिल्या दिवशीच सांगितलंय, मला सासू व्हायचं नाही. ही मला अगंच म्हणते. हो की नाही गं?”

मुलगी हो म्हणाली.

मग दोन ‘अगं आई’ झाल्या आणि पेच होता तिथेच राहिला. मी पेन्सिल धरून बसले. डॉक्टरीणबाईंनी आईच्या दंडावर हात ठेवला. रोग्याला तोंड उघडायला लावताना ठेवत असतील तसा, हलकाच.

“ह्या माझ्याहून मोठ्या आहेत वयाने. मान त्यांचा. अहो त्यांना घाला.”

इतक्या सभ्यपणे एखाद्या बाईला घराबाहेर काढलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही. मान नको, असं कोण कसं म्हणणार? आईने मुलीकडे पाहिलं. मुलगी चमच्यांकडे पाहत होती. वर न बघताच तिने विचारलं, “आई, तुला चालेल ना?”

“तुला नाही, तुम्हाला,” डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. “आत्तापासून सवय कर, नाहीतर लग्नाच्या दिवशी गोंधळ घालशील.”

मुलगी लाजली, हसली आणि म्हणाली, “आई, तुम्हाला चालेल ना?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. एकीला नुसतं ‘आई’ आणि दुसरीला ‘सासूबाई’ घालू, असं म्हणता आलं असतं. दोन-चार अक्षरं इकडे काय, तिकडे काय. पण माझी युक्ती वाया गेली नाही याचंच मला बरं वाटत होतं. खरं तेच सांगते. आई म्हणाली, चालेल. मी लिहिलं आणि डॉक्टरीणबाईंनी खाली सही केली.

आठ दिवसांनी ती एकटीच आली. दुपारची जेवणाची सुट्टी घेऊन कारखान्यातून चालत आली होती, बाहीवर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. बसा म्हटलं तरी बसली नाही. तिच्या चमच्यावरचं तेवढं ‘अहो’ गाळता येईल का, असं तिने विचारलं. नुसतं ‘आई’ राहू दे. ते जमत नसेल तर काहीच घालू नका, कोरा ठेवा, मी कोऱ्या चमच्यासमोर बसेन.

मी विचारलं, मुलीला विचारलंत का?

मग तिने सांगितलं. इथून गेल्यावर पहिल्या दिवशी मुलगी गंमत म्हणून अहो म्हणाली. अहो आई, चहा टाकता का? दोघी पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी मुलगी एकटी हसली. तिसऱ्या दिवसापासून कोणीच हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की सवय मोडायला एकवीस दिवस लागतात, मधे एकदाही चुकायचं नाही. मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत होती.

“मला जन्मात कोणी अहो म्हणालं नाही, बाई,” ती म्हणाली. “कारखान्यात सगळे अगं, ए. नवरासुद्धा ए म्हणायचा. त्याचं काही वाटलं नाही कधी. आता पोटची मुलगी अहो म्हणते आणि मला वाटतं, घरात कोणी परकं आलंय. मागे वळून बघते मी.”

मला तिची कणव आली. आणि कणव आली की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. ही माझ्याकडे का आली, तिकडे का बोलली नाही? मी सहीचा कागद तिच्यापुढे धरला आणि सांगितलं की सही करणाऱ्याच्या परवानगीशिवाय मी काना-मात्राही बदलत नाही. तो माझा नियम आहे. ती तरीही उभीच राहिली.

“त्या दिवशी तोंड होतं ना तुम्हाला?” मी म्हटलं. “तेव्हा का नाही बोललात?”

“मान देतोय म्हटल्यावर काय बोलणार?”

“मग आता घ्या मान.”

हे मी म्हटलं. कोरणीवरून नजरही न उचलता म्हटलं. ती बरं म्हणाली आणि गेली. जाताना तिने पडद्याच्या उसवलेल्या टोकाला चार टाके घातले. सुई-दोरा तिच्या जवळ असायचाच. मी थांबा म्हणेपर्यंत तिने दातांनी दोरा तोडलाही होता.

त्यानंतर दहा-बारा दिवस मी ऑर्डरला हात लावला नाही. मग नाइलाजाने बसले. काका-काकू, मामा-मामी सरसर आटपले. ‘अहो आई’ कोरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘ह’चं पोट कोरताना कोरणी दोनदा घसरता घसरता वाचली. तीस वर्षांत माझ्या हाताने अशी कच कधी खाल्ली नव्हती.

शेवटी मुलीची सुरी राहिली. तिच्यावर ‘मी’ कोरून मी ती शिकंज्यातून काढत होते, तेवढ्यात मुलीचाच फोन आला. लग्नाच्या दिवशी सकाळी हॉलवर येऊन टेबल मीच लावायचं, कोणाचं कुठे याची यादी ती देईल, असं तिने सांगितलं. मी हो-हो करत होते. मागून तिच्या आईचा आवाज आला. जेवायला वाढू का, असं काहीतरी विचारत होती.

“अहो आई, बोलतेय ना मी. थांबा जरा,” मुलगी म्हणाली.

त्या बोलण्यात गंमत नव्हती, राग नव्हता, लाज तर नव्हतीच. बँकेत रांगेत पुढे घुसणाऱ्या बाईला म्हणतात तसं म्हणाली. तिची एकवीस दिवसांची सवय लागली होती.

फोन ठेवला आणि सुरी हातात घेतली. ‘मी’च्या वेलांटीला चांगलं टोकदार कुसळ उभं राहिलेलं बोटाला लागत होतं. दगड शेजारीच होता. मी तो घेतला नाही. फडक्याने सुरी चकाकवली, कापडात गुंडाळली आणि बाकीच्यांत ठेवून दिली. नंतर सगळ्यांना मी सांगितलं की नजरचुकीने राहिलं असेल. ते खोटं आहे. ह्या पोरीला एकदा तरी टोचावं, एवढंच मला वाटलं होतं. एक थेंब रक्त, एवढाच माझा हिशेब.

लग्नाच्या दिवशी मी अकरा वाजता हॉलवर टेबल लावलं. यादी डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात होती. मधोमध ‘तो’ आणि ‘मी’. ‘मी’च्या उजव्या हाताला ‘अगं आई’. मग सगळे काका-मामा. ‘अहो आई’ टेबलाच्या अगदी टोकाला, आजोबांच्या पलीकडे. आजोबांना ऐकू येत नव्हतं.

लग्न लागलं, लोक जेवायला आले. काम संपलं होतं, मी निघून जायला हवं होतं. पण मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. माणसं आपापली नाती शोधत हसत बसली, फोटो निघाले. मुलीची आई टेबलाला एक पूर्ण फेरी घालून आली. ‘अगं आई’च्या खुर्चीमागे क्षणभर उभी राहिली. तिथे डॉक्टरीणबाई रेशमी साडीच्या निऱ्या सावरत बसत होत्या. त्यांनी वर पाहून हसून तिला टोकाची खुर्ची हाताने दाखवली. ती गेली आणि बसली. नवे कपडे घातले होते तिने. काजं तिने स्वतः केली असणार, इतकी सारखी कारखान्यात होत नाहीत.

सूप आलं. मग भाजलेल्या मांसाचे मोठे तुकडे आले आणि सगळ्यांनी सुऱ्या उचलल्या. मुलीने सुरी पकडून जोर दिला.

“आई गं!”

साऱ्या टेबलाने ऐकलं. बोटाच्या पेरातून रक्त आलं, माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा स्वतःचे कपडे बाजूला ओढून घेतले. मग दवाखान्यातल्या आवाजात काही नाही, काही नाही म्हणाल्या, वाढप्याला खूण केली आणि शेजारच्या काकांना हसून सांगितलं की नवरी घाबरट आहे. वाईट बाई नव्हे ती. दिवसातून दहा तोंडांतलं रक्त पुसणाऱ्या माणसाला एका बोटाचं काय?

पण मुलीने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. हात वर धरून ती टेबलाच्या टोकाकडे पाहत होती.

तिची आई उठलेली होती. हाक कानावर पडली तेव्हाच उठली असणार, कारण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मी आधी ऐकला आणि रक्त नंतर पाहिलं. एका हातात रुमाल, दुसरा टेबलावर टेकलेला. मला वाटलं, आता ती धावेल, बोट तोंडात धरेल आणि हा सगळा खेळ खल्लास होईल. मनातून मी तिला ढकलतच होते. तेवढ्यात तिची नजर टेकलेल्या हाताखाली गेली. चमचा तिथेच होता. तिने तो वाचला.

ती खाली बसली. रुमाल घडी करून मांडीवर ठेवला.

“आई,” मुलगी म्हणाली. मग मोठ्याने, “अगं आई, बोट बघ ना माझं.”

आई शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मला म्हणताय का तुम्ही?”

टेबलावरचं बोलणं बंद पडलं. आजोबा तेवढे सूप पीत राहिले.

“तुमची अगं आई शेजारी बसलीय. मी अहो.” तिने चमचा उचलून अक्षरांची बाजू मुलीकडे धरली. “सवय मोडू नका आता. एकवीस दिवस लागलेत.”

मुलीने वर धरलेला हात खाली घेतला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती सासूकडे वळली, आणि डॉक्टरीणबाई सवयीने म्हणाल्या, दुखत नाही गं एवढं. मुलगी हो म्हणाली. वाढप्याने आणलेली पट्टी तिने डाव्या हाताने स्वतःच गुंडाळली. नवऱ्याला गाठ मारता आली नाही. फोटो काढणारा दुसरीकडे गेला. हळूहळू लोक पुन्हा बोलायला लागले, कारण मांस गार होत होतं.

टोकाला बसून आई सूप पीत होती. चमचा जड होता, तिला दोन्ही हातांनी धरावा लागत होता. ती प्यायली मात्र सगळं.

मला आधी बरं वाटलं, लपवत नाही. चांगली जिरवली, असंच मनात आलं. मग मी मुलीचा चेहरा पाहिला. ती कापत नव्हती, खात नव्हती, पट्टी बांधलेलं बोट मुठीत धरून टेबलाच्या टोकाकडे परत परत बघत होती. आई एकदाही वर बघत नव्हती. तेव्हा मला कळलं की एक थेंब रक्ताचा माझा हिशेब फार स्वस्तातला होता. मी टोचलं ते पोरीला, आणि कामी आलं ते आईच्या. तिच्या हातात ते कुसळ मीच दिलं होतं. मला स्वतःची किळस आली.

जेवणं आटपल्यावर मी मागच्या मोरीशी सुऱ्या मोजून घेत होते. आई तिथे आली. स्वतःचा चमचा धुऊन, पुसून घेऊन आली होती. तो तिने माझ्यापुढे धरला.

“तुम्ही म्हणालात ना, मान घ्या,” ती म्हणाली. “घेतला. आता उतरवायचा कसा, तेवढं सांगा.”

आतून मुलीचा आवाज येत होता. आई कुठे गेली, असं ती कोणाला तरी विचारत होती. ‘अगं’ नाही, ‘अहो’ही नाही, नुसतंच आई. बाईला तो ऐकू आला, कारण ती मान वळवून दाराकडे बघायला लागली. जायला मात्र वळली नाही. माझ्याकडून उत्तर हवं होतं तिला, आणि ते उत्तर मला येत होतं. तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते न विचारता देत आले होते.

मी चमचा तिच्या हातातून घेतला, अंगठा अक्षरांवरून फिरवला. कुसळ कुठेही नव्हतं. गुळगुळीत, सुबक काम होतं माझं.

“घासून बघते,” मी म्हटलं. “आठवड्याने या.”

ती बरं म्हणाली. चमचा अजून माझ्याकडेच आहे.